काटा बंद का पडला: डेबियन पॅकेजच्या स्क्रिप्टमधली अपग्रेडची चूक कशी शोधायची

दसरा होऊन चार दिवस झाले होते. सकाळी साडेसातला जालन्याच्या मोंढ्यातून एका आडत दुकानाच्या मुनीमजींचा फोन आला, "सर, काटा वजनच दाखवंना झालाय. रात्री तुम्ही काही टाकलं का त्याच्यात?" टाकलं होतं. इलेक्ट्रॉनिक काट्यावरचं वजन संगणकात घेऊन शेतकऱ्याची पट्टी छापणारं 'काटा' नावाचं एक छोटं पॅकेज मी बनवलं आहे. त्याची १.९ आवृत्ती तिथे चालू होती, तिच्यावर मी रात्री १.१० चढवली होती. दारात सोयाबीनच्या गाड्या लागलेल्या, हमाल कट्ट्यांवर बसलेले, मापाडी खोळंबलेला, आणि संगणक म्हणतोय काटा जोडलेलाच नाही.

काटा जोडलेला होता. उन्हाळ्यात तिथला यूएसबी-सिरियल कन्व्हर्टर जळाला होता. मुनीमजींच्या पुतण्याने वायर संगणकाच्या मागच्या जुन्या सिरियल पोर्टला लावली आणि /एटसी/डिफॉल्ट/काटा या फाइलीत यूएसबी पोर्टचं नाव 'टीटीवाययूएसबी०' खोडून सिरियल पोर्टचं 'टीटीवायएस०' लिहिलं. काम बरोबर केलं होतं पोराने. माझ्या अपग्रेडने त्याची ओळ पुसून जुनं नाव परत लिहिलं. फोनवर ती ओळ दुरुस्त करायला पाच मिनिटं लागली. ती पुसली का गेली हे समजायला मात्र दोन संध्याकाळी गेल्या, आणि शोधता शोधता त्याच पॅकेजमध्ये आणखी चार चुका सापडल्या.

कॉलेजच्या लॅबसाठी, दुकानासाठी किंवा एखाद्या संस्थेसाठी ज्यांनी पहिलंवहिलं डेब पॅकेज (डेबियन लिनक्सवर प्रोग्राम बसवायचा गठ्ठा) बनवलं आहे, त्यांच्यासाठी हा लेख आहे. कोऱ्या मशीनवर पॅकेज छान बसतं. अपग्रेड केलं किंवा 'रीकॉन्फिगर' केलं (बसवतानाचे प्रश्न पुन्हा विचारायला लावले) की बिघडतं. असं का होतं आणि चूक कुठे शोधायची, एवढंच इथे आहे. आज्ञा आणि फाइलींची नावं मी उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत. टाइप करताना ती नेहमीप्रमाणे रोमन अक्षरांत करायची.

आधी समजून घ्या: स्क्रिप्टला कोण बोलावतं आणि काय सांगून

डेबियनमध्ये, आणि तिच्यावर उभ्या असलेल्या उबुंटूमध्येही, पॅकेजसोबत चार स्क्रिप्ट येऊ शकतात. प्रीइन्स्ट फाइली उलगडण्याआधी चालते, पोस्टइन्स्ट उलगडल्यानंतर. प्रीआरएम काढण्याआधी, पोस्टआरएम काढल्यानंतर. वापरकर्त्याला प्रश्न विचारायचे असतील तर डेबकॉन्फ या प्रश्न विचारून उत्तरं साठवणाऱ्या व्यवस्थेसाठी कॉन्फिग नावाची पाचवी स्क्रिप्ट असते. बसलेल्या पॅकेजच्या या सगळ्या स्क्रिप्ट /व्हार/लिब/डीपीकेजी/इन्फो/ या फोल्डरमध्ये साध्या मजकुराच्या फाइली म्हणून पडलेल्या असतात. (डीपीकेजी म्हणजे पॅकेज बसवणारा आणि काढणारा प्रोग्राम.) आत्ताच कुठल्याही डेबियन मशीनवर जाऊन दोन-चार उघडून वाचा. मी जेवढं शिकलो त्यातलं अर्धं तिथेच शिकलो.

नवख्याचा गैरसमज असा असतो की प्री आणि पोस्ट 'इन्स्ट' बसवताना चालतात आणि प्री-पोस्ट 'आरएम' काढताना. अपग्रेडमध्ये चारही चालतात, आणि जुन्या-नव्या पॅकेजच्या मिसळून चालतात. १.९ वरून १.१० वर जाताना क्रम असा असतो. आधी जुन्या पॅकेजची प्रीआरएम चालते, तिला 'अपग्रेड' हा शब्द आणि नवी आवृत्ती मिळते. मग नव्याची प्रीइन्स्ट, तिलाही 'अपग्रेड' आणि जुनी आवृत्ती. मग नव्या फाइली उलगडतात. त्यानंतर जुन्या पॅकेजची पोस्टआरएम चालते, पुन्हा 'अपग्रेड' सांगून. सगळ्यात शेवटी नव्याची पोस्टइन्स्ट, तिला 'कॉन्फिगर' हा शब्द आणि याआधी शेवटची नीट कॉन्फिगर झालेली आवृत्ती मिळते.

स्क्रिप्टच्या आत पहिला शब्द म्हणजे $१ आणि दुसरा म्हणजे $२. पोस्टइन्स्टच्या बहुतेक चुका $२ नीट न वाचल्यामुळे होतात, म्हणून इथे जरा थांबू.

$२ रिकामा असेल तर मशीनवर पॅकेज पहिल्यांदाच बसतंय. $२ नव्या आवृत्तीपेक्षा लहान असेल तर अपग्रेड आहे. $२ नव्या आवृत्तीएवढाच असेल तर एकतर कुणी डीपीकेजी-रीकॉन्फिगर चालवलंय किंवा तीच आवृत्ती पुन्हा बसवलीय. यात एक फसवी परिस्थिती लपलेली आहे. कुणी पॅकेज नुसतं 'रिमूव्ह' केलं (कॉन्फिगच्या फाइली ठेवून काढलं), 'पर्ज' केलं नाही (त्या फाइलींसकट काढलं नाही), आणि महिन्याने परत बसवलं, तर फाइली सगळ्या नव्याने येतात पण $२ मात्र भरलेला असतो. 'पहिल्यांदा बसतंय का?' एवढंच पाहून तुम्ही /व्हार खाली एखादं फोल्डर बनवत असाल आणि काढताना ते मिटवत असाल, तर या मशीनवर ते फोल्डर कधीच बनणार नाही. म्हणून फोल्डर हवं असेल तर 'फोल्डर आहे का?' हेच विचारा. आवृत्तीवरून अंदाज बांधू नका.

रीकॉन्फिगरबद्दल एक गोष्ट मला फार उशिरा कळली. डीपीकेजी-रीकॉन्फिगर नुसते प्रश्न विचारून थांबत नाही. ते आधी प्रीआरएमला 'अपग्रेड' म्हणून बोलावतं, मग कॉन्फिगला 'रीकॉन्फिगर' म्हणून, मग पोस्टइन्स्टला 'कॉन्फिगर' म्हणून. म्हणजे पोस्टइन्स्टला पहिल्या शब्दावरून कळतच नाही की हे रीकॉन्फिगर आहे. तिला कळायचे दोनच मार्ग आहेत: $२ मध्ये चालू आवृत्ती असणं, आणि त्या वेळी 'डेबकॉन्फ_रीकॉन्फिगर' (सगळी मोठी अक्षरं) या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये १ असणं.

बिघडलेल्या मशीनवर: दुरुस्तीला हात लावण्याआधी पुरावा गोळा करा

समोरचा माणूस खोळंबलेला असतो तेव्हा घाईने पुन्हा बसवावंसं वाटतं. तसं केलं की पुरावा पुसला जातो. काम चालू व्हावं एवढी एक ओळ हाताने दुरुस्त करा, पण त्याआधी या गोष्टी कॉपी करून ठेवा.

'/व्हार/लॉग/डीपीकेजी.लॉग' मध्ये कुठली आवृत्ती कधी उलगडली आणि कधी कॉन्फिगर झाली हे वेळेसकट असतं. '/व्हार/लॉग/ॲप्ट/टर्म.लॉग' मध्ये त्या वेळी स्क्रीनवर जे उमटलं ते जसंच्या तसं असतं. रात्री एकटंच चाललेलं अपग्रेड काय बडबडलं ते इथे सापडतं. मग 'डीपीकेजी -एल काटा' (लहान एल) चालवून सुरुवातीची दोन अक्षरं पाहा. 'आयआय' म्हणजे सगळं ठीक. 'आययू' म्हणजे फाइली उलगडल्या पण कॉन्फिगर झालं नाही. 'आयएफ' म्हणजे पोस्टइन्स्ट मध्येच पडली. 'आरसी' म्हणजे पॅकेज काढलंय पण कॉन्फिगच्या फाइली उरल्यात.

शेवटी 'डेबकॉन्फ-शो काटा' चालवा आणि त्याचं उत्तर /एटसी मधल्या फाइलीशेजारी ठेवून ताडून पाहा. जालन्याच्या मशीनवर पाच मिनिटांत ओळ सुधारून आम्ही मोकळे झालो, पण त्याआधी मुनीमजींच्या पुतण्याकडून मी दोन्हींचे फोटो मागवले होते. डेबकॉन्फमध्ये टीटीवाययूएसबी०, फाइलीतही टीटीवाययूएसबी०. पुतण्या मात्र शपथेवर सांगत होता की उन्हाळ्यात त्याने बदललं होतं. मी विश्वास ठेवला आणि तेच बरं झालं, कारण खरा धागा तिथेच होता.

चाचणीच्या मशीनवर तोच बिघाड पुन्हा घडवा

दुकानातल्या मशीनवर प्रयोग करू नका. तिथे ज्या आवृत्तीची डेबियन आहे तीच घेऊन घरी एक व्हर्च्युअल मशीन उभं करा आणि त्याचा स्नॅपशॉट ठेवा. डॉकरचा कंटेनर चटकन मिळतो हे खरं, पण डेबियनच्या डॉकर इमेजमध्ये पॅकेजला सर्व्हिस सुरू करू न देणारी पॉलिसी-आरसी.डी नावाची फाइल मुद्दाम ठेवलेली असते. सर्व्हिस बंद पडण्याच्या चुका तिथे दिसतच नाहीत.

आता नेमकं तेच करा जे तिकडे झालं. जुनी १.९ बसवा, प्रश्नांची उत्तरं द्या, मग /एटसी मधली ओळ हाताने बदला. ही हाताने बदलण्याची पायरी बहुतेकजण गाळतात. मीही दोन वर्षं गाळत होतो. प्रत्येक चाचणीत मी स्वच्छ मशीनवर जुनी आवृत्ती टाकायचो, तिच्यावर नवी टाकायचो, सगळं हिरवं दिसायचं. खऱ्या दुकानात कुणाचंच मशीन स्वच्छ नसतं. कुणी पोर्ट बदललेला असतो, कुणी पट्टीच्या कागदाची रुंदी, कुणी हमालीचा दर.

मग नवं पॅकेज एका झटक्यात बसवू नका. दोन टप्प्यांत बसवा. आधी 'डीपीकेजी --अनपॅक' ने फक्त उलगडा. आता नवी पोस्टइन्स्ट इन्फो फोल्डरमध्ये येऊन बसली आहे, पण चाललेली नाही. ती एडिटरमध्ये उघडा, डेबकॉन्फचं कॉन्फमॉड्यूल (स्क्रिप्टला डेबकॉन्फशी बोलू देणारा भाग) लोड करणाऱ्या ओळीच्या खाली 'सेट -एक्स' ही ओळ घाला आणि मग 'डीपीकेजी --कॉन्फिगर काटा' चालवा. स्क्रिप्टची प्रत्येक ओळ, तिच्यातल्या व्हेरिएबलच्या किमतींसह, डोळ्यांसमोरून जाते.

बाहेरून 'एसएच -एक्स' लावून पोस्टइन्स्ट चालवण्याचा सल्ला खूप ठिकाणी मिळतो. डेबकॉन्फ वापरणाऱ्या स्क्रिप्टला तो लागू पडत नाही. कॉन्फमॉड्यूल लोड होताच डेबकॉन्फ ती स्क्रिप्ट आपल्या हाताखाली पहिल्या ओळीपासून पुन्हा सुरू करतो, आणि तुमचा -एक्स मागे राहून जातो. याच कारणाने कॉन्फमॉड्यूल लोड करण्याच्या वर तुम्ही जे काही लिहाल ते दोनदा चालतं. माझ्या स्क्रिप्टमध्ये तिथे लॉगमध्ये एक ओळ लिहिणारी आज्ञा होती आणि ती दोनदा का दिसते याचा मी कितीतरी वेळ विचार करत बसलो होतो. कॉन्फमॉड्यूलची ओळ शक्य तितकी वर ठेवा.

आणखी दोन साधनं. 'डीपीकेजी -डी२' (मोठा डी) असं चालवलं तर कुठली स्क्रिप्ट कुठल्या शब्दांनी बोलावली आणि ती कशी संपली हे डीपीकेजी सांगत जातो. आणि 'डेबकॉन्फ_डीबग' (हेही मोठ्या अक्षरांतलं व्हेरिएबल) मध्ये 'डेव्हलपर' लिहून तीच आज्ञा चालवली तर स्क्रिप्ट आणि डेबकॉन्फ यांच्यातला संवाद ओळीओळीने दिसतो: काय विचारलं, काय उत्तर गेलं. माझा चोर या संवादातच सापडला.

चूक पहिली आणि सगळ्यात मोठी: डेबकॉन्फला खजिना समजणं

संवादात असं दिसलं. अपग्रेडच्या वेळी कॉन्फिग स्क्रिप्टने 'काट्याचा पोर्ट कुठला?' हा प्रश्न पुढे केला. डेबकॉन्फने तो दाखवला नाही, कारण या मशीनवर तो प्रश्न आधी एकदा 'पाहिलेला' होता. हे वागणं योग्यच आहे. प्रत्येक अपग्रेडला तेच प्रश्न कुणाला हवेत? मग पोस्टइन्स्टने डेबकॉन्फकडून उत्तर मागितलं. डेबकॉन्फने दीड वर्षापूर्वीचं उत्तर दिलं, टीटीवाययूएसबी०. आणि माझ्या पोस्टइन्स्टने ते घेऊन पूर्ण फाइल नव्याने लिहून टाकली. पुतण्याचा बदल डेबकॉन्फला कधी कळलाच नव्हता, कारण मी कधी कळवलाच नव्हता.

डेबकॉन्फ हा विचारलेल्या प्रश्नांच्या उत्तरांचा तात्पुरता साठा आहे. त्याची फाइल राहते तीही /व्हार/कॅश खाली, यावरून काय ते समजा. मशीनची खरी स्थिती /एटसी मधल्या फाइलीत असते, आणि त्या फाइलीवर मालकाचा हक्क पॅकेजपेक्षा मोठा असतो. डेबियनच्या पॉलिसीत हे स्पष्ट आहे: मालकाने कॉन्फिगमध्ये केलेले बदल अपग्रेडमध्ये टिकलेच पाहिजेत.

दुरुस्ती दोन ठिकाणी करावी लागते. कॉन्फिग स्क्रिप्टमध्ये, प्रश्न पुढे करण्याआधी, फाइल आहे का ते पाहायचं. असेल तर तिच्यातली किंमत वाचायची आणि 'डीबी_सेट' ने डेबकॉन्फला सांगायची. म्हणजे प्रश्न दिसला तर त्यात आजची खरी किंमत भरलेली दिसते, आणि नाही दिसला तरी डेबकॉन्फकडे खरं उत्तर असतं. फाइल नसेल तर काही करायचं नाही. कॉन्फिग स्क्रिप्ट पॅकेजच्या फाइली उलगडण्याच्याही आधी चालू शकते, त्यामुळे तिच्यात पॅकेजमधल्या कुठल्याही फाइलीवर किंवा प्रोग्रामवर अवलंबून राहता येत नाही. ती एका अपग्रेडमध्ये एकापेक्षा जास्त वेळा चालू शकते, हेही धरून लिहा.

दुसरी दुरुस्ती पोस्टइन्स्टमध्ये. पूर्ण फाइल नव्याने लिहायची नाही. 'सेड' ने फक्त 'पोर्ट=' ने सुरू होणारी ओळ बदलायची; ती ओळच नसेल तर आधी शेवटी जोडायची. मालकाने लिहिलेल्या टिपा, त्याने घातलेल्या इतर ओळी, जशाच्या तशा राहतात. परभणीच्या एका दुकानात त्या फाइलीत टिप्पणी म्हणून काटा दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीचा मोबाइल नंबर लिहून ठेवला होता. माझ्या आधीच्या दोन अपग्रेडांनी तो दोनदा पुसला होता आणि बिचाऱ्यांनी दोनदा परत लिहिला होता.

इथे एक धोक्याची सूचना. वरची पद्धत स्क्रिप्टने बनवलेल्या फाइलीसाठी आहे. पॅकेजच्या आतच /एटसी मधली फाइल ठेवून पाठवली असेल, तर डेबहेल्पर या पॅकेज बनवायच्या साधनसंचाच्या मदतीने बनवलेल्या पॅकेजमध्ये ती आपोआप 'कॉन्फफाइल' ठरते. तिच्यावर डीपीकेजी स्वतः लक्ष ठेवतो. मालकाने ती बदलली असेल आणि नव्या पॅकेजमध्येही ती बदलली असेल, तर तो थांबून विचारतो: तुमची ठेवू की नवी घेऊ? अशा फाइलीला स्क्रिप्टमधून कधीही हात लावायचा नाही. तुम्ही लावलात तर डीपीकेजीला वाटतं मालकाने बदल केला, आणि ज्याने काहीच केलं नाही अशा माणसाला अपग्रेडच्या मध्येच हा प्रश्न विचारला जातो. एक फाइल एकतर डीपीकेजीच्या ताब्यात किंवा तुमच्या स्क्रिप्टच्या. दोघांच्या नाही. आधीच्या आवृत्तीत कॉन्फफाइल होती आणि आता ती काढायची किंवा हलवायची असेल, तर 'डीपीकेजी-मेंटस्क्रिप्ट-हेल्पर' वापरा. हे काम हाताने नीट करणं फार अवघड आहे.

आवृत्तीची तुलना

माझ्या पोस्टइन्स्टमध्ये '१.१० पेक्षा जुन्यावरून आला असाल तर नोंदींची रचना बदला' असा एक भाग होता. तुलना मी शेलमधल्या अक्षरांच्या तुलनेने केली होती. अक्षरांच्या हिशेबात '१.९' हे '१.१०' पेक्षा मोठं, कारण ९ हा १ च्या पुढे. म्हणून तो भाग कुठेच चालला नव्हता. आवृत्त्यांची तुलना नेहमी 'डीपीकेजी --कंपेअर-व्हर्शन्स' नेच करा. '२.०~आरसी१' ही '२.०' च्या आधीची असते, हे टिल्डचं गणितही त्यालाच कळतं.

ही आज्ञा वापरली तरी एक खाच उरते. $२ रिकामा असताना 'एलटी' ने विचारलं तर रिकामी आवृत्ती सगळ्यांपेक्षा लहान धरली जाते. म्हणजे अपग्रेडसाठीचा भाग कोऱ्या मशीनवरही चालतो. तसं नको असेल तर 'एलटी-एनएल' वापरा. त्यात रिकामी आवृत्ती सगळ्यांपेक्षा मोठी धरतात.

पोस्टआरएम: इथे डेटा जातो

या चुकीपासून मी थोडक्यात वाचलो. माझ्या पोस्टआरएममध्ये $१ न पाहता '/व्हार/लिब/काटा' मिटवणारी ओळ मी एका संध्याकाळी लिहून ठेवली होती. पॅकेज काढलं की नोंदीही जाव्यात, एवढाच विचार होता. पण वरचा क्रम आठवा: जुन्या पॅकेजची पोस्टआरएम अपग्रेडमध्येही चालते. ती आवृत्ती चार दुकानांत गेली असती, तर पुढच्या अपग्रेडला चारही दुकानांतल्या हंगामभराच्या वजनांच्या नोंदी गेल्या असत्या. चाचणीच्या मशीनवर जुन्या नोंदी टाकून ठेवायची सवय नुकतीच लावली होती, म्हणून ती ओळ दिसली.

डेटा मिटवायचा असेल तर तो फक्त $१ 'पर्ज' असताना. प्रत्येक स्क्रिप्टची सुरुवात 'केस $१' ने करा, प्रत्येक शब्दाला वेगळी वाट द्या, आणि ज्या शब्दाला काहीच करायचं नाही तिथे काहीच न करता बाहेर पडणारी वाटही लिहून ठेवा.

आता समजा, अशी चुकीची पोस्टआरएम बाहेर गेलेली आहे. मग नव्या आवृत्तीत पोस्टआरएम सुधारून या वेळी काहीच साधत नाही, कारण या अपग्रेडला जुनीच चालणार. सुटकेची जागा म्हणजे नव्याची प्रीइन्स्ट. ती जुन्या पोस्टआरएमच्या आधी चालते. तिने नोंदींची प्रत बाजूला ठेवायची आणि पोस्टइन्स्टने ती परत आणायची. जुन्या प्रीआरएमबाबत डीपीकेजीने स्वतःच सोय ठेवली आहे: ती अपग्रेडमध्ये चुकली तर डीपीकेजी नव्या पॅकेजच्या प्रीआरएमला 'फेल्ड-अपग्रेड' म्हणून बोलावतो. तिथे जुन्याची चूक निस्तरून शून्य कोडने बाहेर पडलं की अपग्रेड पुढे चालू होतं.

वीज गेली आणि स्क्रिप्ट अर्ध्यावर राहिली

आपल्याकडे हे सांगायलाच हवं. पोस्टइन्स्ट चालू असताना लाइट गेली, यूपीएसची बॅटरी केव्हाच मेलेली, मशीन बंद. परत आल्यावर पॅकेज 'आयएफ' अवस्थेत. 'डीपीकेजी --कॉन्फिगर -ए' चालवलं की पोस्टइन्स्ट पहिल्या ओळीपासून पुन्हा चालते, आणि $२ मध्ये तीच जुनी आवृत्ती असते, कारण नवी अजून पूर्ण कॉन्फिगर झालेलीच नाही. म्हणजे तुमचा अपग्रेडचा भाग अर्धा झालेल्या कामावर पुन्हा चालतो.

तिथे दुसऱ्यांदा चालल्यावर बिघडणाऱ्या ओळी शोधा. 'यूजर बनव' ही आज्ञा यूजर आधीच असेल तर पडते, आणि वर 'सेट -ई' (एक आज्ञा चुकली की थांब) असल्यामुळे सगळी स्क्रिप्ट पडते. आधी आहे का ते पाहा. फाइलीच्या शेवटी ओळ जोडणारी आज्ञा दोनदा ओळ जोडते; आधी 'ग्रेप' करा. नोंदींची रचना बदलताना नवी फाइल वेगळ्या नावाने पूर्ण लिहा आणि शेवटी 'एमव्ही' ने जुन्याच्या जागी ठेवा. अर्धी लिहिलेली फाइल मग खऱ्या नावाने कधीच दिसत नाही. 'सेट -ई' काढून टाकून स्क्रिप्ट 'पडतच नाही' अशी करणं हा उपाय नाही. मग ती चुकते आणि कुणाला सांगतही नाही.

रीकॉन्फिगरनंतर सर्व्हिस बंद राहते, किंवा बसवणं संपतच नाही

पहिल्याचं कारण वर आलंच आहे. रीकॉन्फिगर आधी प्रीआरएमला 'अपग्रेड' म्हणून बोलावतं. प्रीआरएमने सर्व्हिस थांबवली आणि पोस्टइन्स्टमध्ये 'नवी आवृत्ती आली तरच सुरू कर' अशी अट असेल, तर रीकॉन्फिगरमध्ये आवृत्ती तीच असल्याने सर्व्हिस थांबलेलीच राहते.

पोस्टइन्स्टमध्ये मध्येच 'एक्झिट ०' लिहिलेलं असेल तरी हेच होतं. डेबहेल्पर वापरत असाल तर सर्व्हिस सुरू करण्याचा तयार मजकूर '#डेबहेल्पर#' या खुणेच्या जागी भरला जातो. त्याच्या आधी बाहेर पडलात की तो मजकूर कधी चालतच नाही. माझ्याकडे ही चूक होती, आणि फक्त अपग्रेडच्या वाटेवर होती, त्यामुळे कोऱ्या मशीनवर कधीच दिसली नाही.

दुसरा त्रास असा: पोस्टइन्स्ट सगळं करते, पण टर्मिनल परत येत नाही. बहुतेक वेळा पोस्टइन्स्टने स्वतः एखादा डेमन (मागे सतत चालणारा प्रोग्राम) सुरू केलेला असतो आणि डेबकॉन्फशी बोलायची उघडी वाट वारशाने त्या डेमनकडे गेलेली असते. ती वाट उघडी आहे तोवर डेबकॉन्फ थांबून राहतो. डेमन सुरू करण्याआधी 'डीबी_स्टॉप' ही ओळ घाला.

पाठवण्याआधी

मी आता प्रत्येक आवृत्तीला सात वाटांनी चालवतो: कोऱ्या मशीनवर, दुकानांत खरोखर असलेल्या प्रत्येक जुन्या आवृत्तीवरून अपग्रेड, तीच आवृत्ती पुन्हा, रीकॉन्फिगर, आणि त्यात एका प्रश्नाचं उत्तर मुद्दाम बदलून ते फाइलीत पोचतं का हे पाहणं, रिमूव्ह करून परत, पर्ज करून परत, आणि पोस्टइन्स्टच्या मध्ये 'एक्झिट १' घालून पाडणं, मग ती ओळ काढून 'डीपीकेजी --कॉन्फिगर -ए'. प्रत्येक वाटेआधी फाइल हाताने बदललेली असते आणि नोंदी भरलेल्या असतात. प्रत्येक वाटेनंतर '/एटसी' ची आधीची प्रत आणि आत्ताची 'डिफ' ने ताडून पाहतो, सर्व्हिस चालू आहे का पाहतो, नोंदी मोजतो. यातल्या बसवणं, अपग्रेड आणि पर्जच्या वाटा 'पाइउपार्ट्स' हे साधन आपोआप चालवून देतं. 'लिंटियन' आणि 'शेलचेक' आधी चालवले तर बऱ्याच ढोबळ चुका तिथेच पकडल्या जातात. उदाहरणार्थ, /बिन/एसएच म्हणून स्क्रिप्ट लिहून आत बॅशची खास वाक्यरचना वापरणं. डेबियनमध्ये /बिन/एसएच म्हणजे डॅश असतो आणि त्याला ती कळत नाही.

मग आधी एकाच दुकानात, आणि तेही मोंढा बंद झाल्यावर, मुनीमजी समोर असताना. अपग्रेड झालं की काट्यावर एक कट्टा ठेवायला सांगतो आणि पट्टीवर आलेलं वजन फोनवर वाचून घेतो. दुसऱ्या दिवशीची सकाळ त्या एका दुकानाची नीट गेली, की संध्याकाळी पुढची दुकानं.

जालन्याच्या त्या मशीनवर १.१० च्या जागी १.११ चढवली तेव्हा पुतण्याला आधीच सांगितलं होतं की फाइलीत तुझी एखादी ओळ घालून ठेव. त्याने टिप्पणी घातली, 'हे टीटीवायएस० बदलू नये'. अपग्रेडनंतर ती ओळ आणि तिच्या खालचा पोर्ट, दोन्ही जागच्या जागी होते.